अ‍ॅनालॉग डिलेचे (आवाजाला प्रतिध्वनी देणाऱ्या उपकरणाचे) नॉब फारच हलके फिरतात. जाड धातूचे नॉब लावले तर जड होतील का?

नाही, उलट जास्तच हलके वाटतील. व्यास मोठा असला की जोर कमी लागतो. तो मधासारखा संथ जडपणा आतल्या पॉटच्या (नॉब ज्यावर बसतो त्या फिरत्या रेझिस्टरच्या) दांड्याभोवतीच्या घट्ट ग्रीसमुळे येतो. ठाण्याच्या पावसाळी दमटपणात नॉब खरखरायला लागले, की आपण कॉन्टॅक्ट क्लीनर मारतो. खरखर जाते, पण दांड्यापाशी स्प्रे गेला तर ग्रीसही धुतलं जातं. तुमचंही तेच झालं असावं. पॉटच बदला. लोकलने ग्रँट रोडला उतरून लॅमिंग्टन रोडचा इलेक्ट्रॉनिक्स बाजार गाठा, जुना पॉट सोबत न्या. त्यावर ‘बी१००के’ (‘बी’ म्हणजे फिरवाल तसा समान बदल, १००के म्हणजे १०० किलो-ओहम) असेल तर तोच घ्या. ‘ए’ (लॉगरिदमिक) घेतलात तर सगळा बदल एका टोकाला गोळा होईल. आणि दुकानातच फिरवून बघा.