अपडेट मारू का नको?

या महिन्यात मोबाईलबद्दल जी पत्रं आणि मेसेज आलेत त्यातले बरेचसे एकाच गोष्टीचे आहेत, फोनवर अपडेट आलाय, घ्यावा का नको. म्हणून बाकीचे प्रश्न पुढच्या अंकाला ठेवलेत. पत्रांत बऱ्याच जणांनी बँकेच्या गोष्टी पण लिहिल्यात त्यामुळं नावं छापत नाही.

प्रश्न : माझ्या फोनवर महिना झाला 'सिस्टीम अपडेट उपलब्ध' असं येतंय. मुलगा पुण्याला असतो, तो रोज फोनवर म्हणतो आई अपडेट कर. इकडं कोल्हापुरात राजारामपुरीत जिथनं फोन घेतला तो दुकानदार म्हणतो मावशी अजिबात हात लावू नका, अपडेट मारला की फोन हँग मारतो आणि मग सगळे माझ्याकडं येऊन भांडतात. मी कुणाचं ऐकू? – निवृत्त शिक्षिका, मंगळवार पेठ

बाई, दोघंही खरंच सांगतायत, फक्त मुलगा एका अपडेटबद्दल बोलतोय आणि दुकानदार दुसऱ्या. आपण दोन्हीला एकच नाव दिलंय तिथंच सगळा घोळ होतो.

एक असतो सिक्युरिटी पॅच. यात फोनचं रूप बदलत नाही, बटणं जागची हलत नाहीत, फक्त आत जी भोकं सापडली असतील ती बुजवलेली असतात. जुलै २०१५ मध्ये अँड्रॉइडमध्ये 'स्टेजफ्राइट' नावाचं एक भोक उघडकीला आलं, त्यात चोराला तुमचा नुसता नंबर माहीत असला तरी पुरत होता, तो एक एमएमएस, म्हणजे फोटो-व्हिडिओचा मेसेज, पाठवायचा आणि तुम्ही काही उघडलं नाही, कशावर बोट ठेवलं नाही तरी तो फोनमध्ये शिरू शकत होता. त्यानंतर ऑगस्ट २०१५ पासून गुगलनं दर महिन्याला सुरक्षेच्या दुरुस्त्या जाहीर करायला सुरुवात केली. हा पॅच आला की घ्यायचा. आणि हे लक्षात घ्या की कुठलं भोक बुजवलं हे कंपनी जाहीर करते तेव्हा ते चोरांनाही कळतं, म्हणजे ज्यांनी पॅच घेतला नाही त्यांचं दार कुठं उघडं आहे हे आता सगळ्यांना माहीत झालेलं असतं. तुमच्या मुलाला हीच काळजी आहे.

दुसरा असतो व्हर्जनचा अपडेट, म्हणजे अँड्रॉइड १३ चं १४ होणं. हा मोठा असतो, पुष्कळदा एक-दोन जीबीच्या घरात जातो, रूप बदलतो, आणि नव्या फोनच्या ताकदीचा अंदाज धरून बनवलेला असतो त्यामुळं कमी रॅमच्या, म्हणजे एका वेळी थोडंच काम पेलणाऱ्या, जुन्या फोनला जड जाऊ शकतो. दुकानदाराकडं जी माणसं येतात ती हा अपडेट घेऊन येतात. आणि त्याचं म्हणणं हवेतलं नाही. २०१८ मध्ये इटलीच्या स्पर्धा आयोगानं ॲपलला एकूण १ कोटी युरो आणि सॅमसंगला ५० लाख युरो दंड केला होता तो मुख्यतः याच कारणासाठी, की जुन्या फोनवर लोकांना अपडेट घ्यायला लावले आणि फोन मंदावले. सॅमसंगच्या बाबतीत तो नोट ४ होता, त्याच्यावर नव्या फोनसाठी केलेलं व्हर्जन घालायला लावलं असं आयोगाचं म्हणणं.

ॲपलची गोष्ट जरा सविस्तर सांगतो कारण त्यात आपल्या कामाची गोष्ट आहे. डिसेंबर २०१७ मध्ये कंपनीनं मान्य केलं की बॅटरी जुनी झालेल्या आयफोनचा वेग आम्ही अपडेटमधनं कमी केलाय. बॅटरी थकली की ती एकदम जोराचा करंट देऊ शकत नाही, मग फोन २०-३० टक्के चार्जिंग असतानाच पटकन बंद पडतो, ते टाळायला प्रोसेसरचा, म्हणजे फोनच्या मेंदूचा, वेगच आवळला. करण्यामागं कारण होतं, पण लोकांना सांगितलं नाही ही चूक होती. लोक बिचारे फोन जुना झाला म्हणून नवीन घेत राहिले आणि खरं तर नुसती बॅटरी बदलली की फोन परत पळत होता. मग कंपनीनं माफी मागितली, अमेरिकेत ७९ डॉलरची बॅटरी २९ डॉलरला बदलून दिली आणि २०१८ मध्ये सेटिंग्जमध्ये बॅटरीची तब्येत दाखवायला लागले. म्हणून तीन-चार वर्षांचा फोन मंद झाला की अपडेटला शिव्या घालायच्या आधी बॅटरी बघा आणि स्टोरेज बघा, मेमरी काठोकाठ भरलेली असली तर कुठलाही फोन रडतो. गुड मॉर्निंगचे व्हिडिओ आधी काढून टाका.

अजून एक, मोठ्या अपडेटनंतर पहिले एक-दोन दिवस फोन गरम होतो, चार्जिंग भराभर उतरतं. आत सगळी ॲप नव्यानं बसवून घेणं चालू असतं. तेवढ्यात घाबरून दुकानात पळू नका, दोन रात्री चार्जिंगला लावून ठेवा आणि मग ठरवा.

पण तुम्हाला मला सगळ्यात जास्त सांगायचंय ते वेगळंच आहे. मागच्या वर्षी माझ्या आईच्या फोनवर अपडेट मीच मारला आणि घरातनं निघून आलो. दोन दिवस तिनं एक फोन उचलला नाही. मला वाटलं तब्येत बिघडली का काय. जाऊन बघतो तर फोन वाजतोय, आई दोन्ही हातात धरून हिरवं बटण सवयीप्रमाणं बाजूला सरकवतीय, आणि नव्या व्हर्जनमध्ये ते वर सरकवायचं झालंय. ती परत परत बाजूला सरकवतीय, फोन वाजून बंद होतोय. मला म्हणाली, माझं बोट आता चालंना झालंय बघ. त्या वाक्याचं मला फार वाईट वाटलं, कारण बोटाला काही झालं नव्हतं, आम्ही तिचं बटण हलवलं होतं. फोन किती गरम झाला ते सगळे लिहितात, पण वयस्कर माणसाची हाताला बसलेली सवय मोडली की त्याचा स्वतःवरचाच भरवसा उडतो, ही किंमत कुणी धरतच नाही.

म्हणून बाई, डाऊनलोडवर बोट ठेवायच्या आधी वर काय लिहिलंय आणि किती एमबीचा आहे ते वाचा. नुसता सिक्युरिटी पॅच असला तर आज रात्री घेऊन टाका. व्हर्जन बदलत असलं तर थांबा, मुलगा सुट्टीला येईल तेव्हा त्याच्याकडनं आधी फोटो आणि नंबरांचा बॅकअप घ्या, मग त्याला शेजारी बसवून अपडेट करा, आणि त्याच्याच फोनवरनं पाच-सहा वेळा कॉल लावून उचलून बघा. तोपर्यंत नव्या व्हर्जनमधल्या पहिल्या चुका कंपनीनं दुरुस्त पण केलेल्या असतात.

प्रश्न : मी गावच्या दूध संस्थेत संकलनाला असतो. फोननं रात्रीत आपोआप अपडेट घेतला आणि पहाटे पावतीचा ब्लूटूथ प्रिंटर जोडंना. माणसं किटल्या घेऊन रांगेत, शेवटी पावत्या हातानं लिहिल्या, संध्याकाळी तसंच. जुनं व्हर्जन परत आणता येतंय का? एक जण फ्लॅश मारून, म्हणजे फोन कॉम्प्युटरला जोडून जुनं व्हर्जन घालून देतो म्हणतोय. – करवीर तालुका

दादा, फ्लॅश मारू नका. परत मागं जायचं दार बहुतेक फोनमध्ये मुद्दाम बंद ठेवलेलं असतं, कारण जुनं व्हर्जन म्हणजे जुनी भोकं, आणि चोरानं फोन मागं नेऊन उघडू नये म्हणून ती सोय असते. जिथं जाता येतं तिथं पण फोन आधी पूर्ण कोरा होतो, म्हणजे तुमच्या सभासदांची नोंद बॅकअप नसेल तर गेलीच. आयफोनला तर नवीन व्हर्जन आल्यावर थोड्याच दिवसांत ॲपल जुन्याला मान्यता देणं बंद करते.

तुमचं दुखणं बहुतेक परवानगीचं आहे. २०२१ च्या अँड्रॉइड १२ पासनं ब्लूटूथसाठी ॲपला वेगळी परवानगी लागते, 'जवळपासची डिव्हाइस' म्हणून. सेटिंग्जमध्ये तुमच्या संकलनाच्या ॲपमध्ये जा, परवानग्या उघडा, ती चालू आहे का बघा. मग ब्लूटूथच्या यादीतनं प्रिंटर काढून टाका, फोन रिस्टार्ट मारा आणि नव्यानं जोडा. एवढ्यावरही नाही झालं तर ॲपवाल्याला फोनचं मॉडेल आणि व्हर्जन नंबर कळवा, त्याला त्याचं ॲप नव्या व्हर्जनला जुळवून द्यावंच लागणार.

आणि पुढच्यासाठी, ज्या फोनवर चार माणसांचा धंदा चालतो त्याचा आपोआप अपडेट बंद ठेवा, पण बंद ठेवला म्हणजे विसरला असं होऊ देऊ नका, कारण त्यात सभासदांची खाती आहेत. महिन्यातनं एक दिवस ठरवा, सकाळचं दूध गेलं की अपडेट लावायचा, दुपारी एक पावती काढून बघायची, म्हणजे संध्याकाळच्या दुधाच्या आत काय बिघडलं ते कळतंय आणि हातात वेळ पण राहतो. आधी ॲपवाल्याला एक फोन करून विचारलं तर अजून चांगलं.

प्रश्न : अपडेट झाल्यावर सकाळी अंगठा घेईना, आणि फोन आला तर नाव नाही, नुसता नंबर. हॅक झालाय का? – सोन्याचे कारागीर, गुजरी

नाही, काही झालेलं नाही. फोन बंद होऊन चालू झाला की पहिल्या वेळी पिन किंवा पॅटर्नच मागतो, अंगठा चालत नाही, आणि तो टाकेपर्यंत तुमचे कॉन्टॅक्ट आत कुलपात असतात म्हणून नाव दिसत नाही, व्हॉट्सॲपचे मेसेज पण येत नाहीत. एकदा पिन टाका, सगळं जागेवर येतं. पॉलिशच्या कामानं बोटाच्या रेषा झिजतात असं तुम्ही लिहिलंय, तर तुम्ही पिन लक्षात ठेवायलाच पाहिजे, आणि घरात एका विश्वासाच्या माणसाला माहीत असू दे.

प्रश्न : अपडेट चालू असताना लाईट गेली तर फोन कायमचा जातो म्हणतात, खरं का? – गंगावेश

लाईट गेली तरी बॅटरी असते, म्हणूनच पुरेसं चार्जिंग नसलं तर फोन अपडेट सुरूच करत नाही. शिवाय २०१६ च्या अँड्रॉइड ७ पासनं एक चांगली सोय आली, ज्या फोनमध्ये ती आहे तिथं नवीन व्हर्जन बाजूच्या वेगळ्या कप्प्यात लिहिलं जातं, तोवर तुम्ही फोन वापरू शकता, आणि नवीन चालू झालं नाही तर फोन आपला जुन्या कप्प्यावर परत येतो. तरी अपडेट चालू असताना पॉवर बटण दाबून धरू नका.

प्रश्न : माझा फोन २०१९ चा आहे, अँड्रॉइड १०, तीन वर्षांत एक अपडेट नाही. फोन चांगला चालतोय, पडद्याला ओरखडा नाही. मुलगी म्हणते टाकून द्या, पैशाचे व्यवहार धोक्याचे आहेत. ऊसबिल याच नंबरच्या खात्यावर येतं. – शेतकरी, शिरोळ तालुका

काका, चालता फोन टाकून द्या असं मी म्हणणार नाही, पण मुलीचं म्हणणं निम्मं तरी घ्याच.

अँड्रॉइड १० पासनं एक बरं झालं, सिस्टीमचे काही भाग कंपनीला न विचारता गुगल थेट प्ले स्टोअरच्या वाटेनं दुरुस्त करू शकतं. सेटिंग्जमध्ये 'गुगल प्ले सिस्टीम अपडेट' असं काही दिसतंय का बघा, दिसलं तर घ्या. बरीचशी ॲप पण अजून चालतात, व्हॉट्सॲपनं २०२५ च्या सुरुवातीला अँड्रॉइड ५ च्या खालचे फोन सोडले, तुमचा त्याच्या बराच वर आहे. पण सिस्टीमचा मूळ गाभा आणि आतली चिप यांची भोकं आता कुणी बुजवणार नाही, ते खरं.

तरी आपल्याकडं पैसे जातात ते बहुतेक या भोकांतनं नाही, लोकांच्या हातानं जातात. व्हॉट्सॲपवर 'आरटीओ चलान' नाहीतर 'लग्नपत्रिका' म्हणून फाईल येते, नावाच्या शेवटी एपीके असतं म्हणजे ते पत्र नाही, फोनमध्ये बसणारं ॲप असतं, माणूस कुणाचं लग्न म्हणून उघडतो, इन्स्टॉल म्हणतो, आणि ओटीपीचे मेसेज तिकडं वाचले जातात. असली फाईल कालच घेतलेल्या नव्या फोनवर उघडली तरी तोच अनर्थ. भावकीतल्या माणसाच्या नंबरवरनं आली तरी उघडू नका, त्याचाच फोन आधी गेलेला असतो.

आणि हे एवढं कराच, ऊसबिलाचं खातं यूपीआयला जोडलेलं असलं तर काढा. दुसरं एक छोटं खातं उघडा, त्यात दोन-चार हजार ठेवा, खत-औषध, चहा-पाणी, रिचार्ज सगळं त्याच्यावरनं. मोठ्या खात्याचं बँकेत जाऊन करा. फोन नवा असो जुना असो, ज्या खात्यात वर्षाचा घाम आहे ते दुकानात स्कॅन करायला वापरू नये असं माझं अगदी मनापासनं मत आहे. कधी फसवणूक झालीच तर पहिल्या तासात १९३० ला फोन लावा आणि बँकेलाही कळवा, लाजू नका, उशीर झाला की पैसे पुढं पुढं सरकत जातात आणि मग थांबवता येत नाहीत.

प्रश्न : पंधरा-वीस हजारात फोन घ्यायचाय, चार-पाच वर्षं वापरायचाय. कॅमेरा बघू का प्रोसेसर? – विद्यार्थी, शिवाजी विद्यापीठ

चार-पाच वर्षं म्हणतोयस ना, मग या दोन्हीच्या आधी अपडेट किती वर्षं देणार ते विचार. गुगलनं २०२३ च्या पिक्सेल ८ पासनं आणि सॅमसंगनं २०२४ च्या एस २४ पासनं सात वर्षांचं वचन दिलंय पण ते महागडे फोन. तुझ्या बजेटमध्ये सॅमसंगच्या ए १६ ५जी ला सहा वर्षं सांगितलीत, बाकीच्या बऱ्याच स्वस्त फोनला दोन-तीन वर्षांवर गाडी थांबते. व्हर्जन किती आणि सिक्युरिटी पॅच किती वर्षं हे वेगवेगळं विचार, दुकानदार एकच आकडा सांगतो.

दुसरं, ही वर्षं तू फोन घेतल्यापासनं मोजत नाहीत, मॉडेल बाजारात आल्यापासनं मोजतात. दोन वर्षांपूर्वीचं मॉडेल सेलमध्ये तीन हजारांनी स्वस्त मिळालं म्हणून उचललंस तर अपडेटची दोन वर्षं आधीच गेलेली असतात. युरोपात जून २०२५ पासनं नियम झालाय की मॉडेलची विक्री बंद झाल्यापासनं पुढं किमान पाच वर्षं अपडेट मिळाले पाहिजेत, म्हणजे शेवटी घेणाऱ्याला पण पाच वर्षं. मोजणी अशी पाहिजे, आणि आपल्याकडं पण हा नियम यायला पाहिजे, कारण आपल्याकडं लोक फोन हप्त्यावर घेतात.

रॅम जमलं तर आठ जीबी घे, पुढची व्हर्जन जड होणार हे धरूनच चाल. आणि दुकानात डेमोचा फोन हातात घेतलास की कॅमेरा उघडायच्या आधी सेटिंग्जमध्ये 'फोनबद्दल' मध्ये जा, सिक्युरिटी पॅचची तारीख बघ. आठ-दहा महिने जुनी असली तर अपडेट चेक करायला सांग, आणि तरी काही आलं नाही तर फोन काउंटरवर ठेवून दुसरा दाखवा म्हण.