खुरटे भात की बुटके भात?

ठाण्याच्या एका वाचकाने विचारले आहे की, भाताच्या कमी उंचीच्या जातीला 'खुरटी' म्हटले तर चालेल का, आणि ही उंची ठरवणाऱ्या द्रव्याला 'संजीवक' म्हणावे की 'संप्रेरक'.

'खुरटी' म्हणू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. जे वाढायला हवे होते ते अन्नपाण्याअभावी किंवा रोगाने वाढले नाही, हा अर्थ 'खुरटणे' या क्रियापदातच आहे. टुंग्रो या विषाणूजन्य रोगाने पिवळे पडून बसलेले रोप खुरटलेले असते. बुटक्या जातीचे तसे नाही. १९६६ साली फिलिपिन्समधून प्रसारित झालेल्या आयआर ८ या जातीत 'डी-जिओ-वू-जेन' या तैवानी वाणाकडून आलेला एक जनुकदोष आहे आणि त्यामुळे जिबरेलिन, म्हणजे रोपाची उंची वाढवणारे द्रव्य, तयार करणाऱ्या रासायनिक साखळीतले एक विकर (एन्झाइम) निकामी होते, हे २००२ मध्ये उलगडले. खोडात जिबरेलिन कमी पडते, पेरे आखूड राहतात. परंतु फुलोऱ्यात त्याच कामाचे दुसरे जनुक चालू असल्याने लोंबी पुरेशी भरते. खताची मात्रा वाढवली तरी असे पीक सहसा लोळत नाही. अशा जातीला 'निमबुटकी' हा शब्द मला सर्वांत नेमका वाटतो.

याची उलटी बाजू जपानमध्ये आधी दिसली होती. तेथे बुरशीने ग्रासलेली भाताची रोपे फिकी, किडकिडीत आणि अवाजवी उंच होत. हा परिणाम बुरशीने सोडलेल्या द्रव्याचा आहे, हे जपानी शास्त्रज्ञ कुरोसावा यांनी १९२६ मध्ये दाखवले आणि त्या बुरशीच्या 'जिबरेला' या नावावरूनच पुढे 'जिबरेलिन' हे नाव आले.

आता दुसरा प्रश्न. वनस्पती स्वतःच्या पेशींत जे तयार करते ते 'संप्रेरक', आणि नाशिकचे बागायतदार द्राक्षमण्यांसाठी जीए (जिबरेलिक आम्ल, एक जिबरेलिन) फवारतात तसे बाहेरून दिलेले ते 'संजीवक', असा भेद पाळावा. रेणू एकच असला तरी हा भेद उपयोगी पडतो, कारण आयआर ८ सारखे रोप जिबरेलिनच्या फवाऱ्याने उंच होते, तर ज्या बुटक्या भातात जिबरेलिन ओळखणारे ग्राहक प्रथिनच निकामी आहे, त्यात संप्रेरक भरपूर असूनही संजीवकाचा काही उपयोग होत नाही. म्हणून प्रत्येक बुटक्या भाताला 'संप्रेरकाच्या कमतरतेने बुटके' म्हणणेही चुकीचे ठरेल. स्ट्रिगोलॅक्टोन या संप्रेरकाच्या अभावी बुटके झालेले भात तर वेगळेच दिसते: त्याला फुटवे भरमसाट येतात.