बाळ कुशीत आहे, तरी रडू का येते?

बाळंतपण सुखरूप झाले, बाळही निरोगी आहे, मग मला आनंद का होत नाही, हे पहिलटकरणी सहसा स्वतःहून विचारत नाहीत. ही शंका बहुधा दूध येत नसल्याच्या तक्रारीआड लपलेली असते. अमळनेर तालुक्यात माहेरी आलेल्या एका मुलीची (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत) आई प्रसूतीच्या चौथ्या दिवशी तिला घेऊन आली आणि बसण्याआधीच म्हणाली, ‘‘मॅडम, इले दूधच येस नही, अन् नुसती रडत ऱ्हास.’’ मुलीचे पोलके मात्र पुढून ओले झालेले होते.

आजीला बाळासह बाहेर बसवल्यावर मुलगी बोलू लागली. कळांमध्ये सबंध रात्र गेली, बाळ छातीवर ठेवले तेव्हा प्रेम दाटून येण्याऐवजी फक्त झोपावेसे वाटले, आणि तेव्हापासून आपण आई होण्यास नालायक आहोत असे तिच्या मनाने घेतले होते.

पहिल्या खेपेला कळा बारा ते अठरा तास चालणे मुळीच असाधारण नाही, हे तिला कोणीच सांगितले नव्हते. वार पडल्यानंतर शरीरातील संप्रेरके एकदम घसरतात, त्यातच तिसऱ्या-चौथ्या दिवशी दूध भरून स्तन ठणकतात, बाळाला पाजताना गर्भाशय आकसून पोटात कळ येते आणि झोप तर तुकड्यातुकड्यांनीच मिळते. अशा वेळी विनाकारण रडू येणे हा बहुतेक बाळंतिणींचा अनुभव असून, साधारण दोन आठवड्यांत ते ओसरते. बाळाविषयीची माया काहींना पहिल्या क्षणी वाटते, तर काहींना ती हळूहळू लागते.

मग आजीला आत बोलावले. पहिल्या काही दिवसांत बाळाचे वजन थोडे घटतेच. पाचव्या दिवसापासून चोवीस तासांत सहा किंवा अधिक लंगोट ओले होत असतील आणि पुढे वजन वाढत असेल, तर दूध पुरते आहे असे समजावे, हे त्यांना पटले. डिंकाचे लाडू आणि बाजरीची भाकरी चालू ठेवा, पण मध आणि घुटी नको, असे सांगितले. भर मे महिन्यात दारे लावून शेगडी पेटवायची आणि बाळंतिणीला पाणीही मोजून द्यायचे, याचे समर्थन मात्र खानदेशच्या उन्हात मला करता येत नाही. शेगडी बंद झाली, तांब्या उशाशी आला आणि रात्री पाजून झाल्यावर बाळाला आजीने घ्यायचे ठरले.

रडू दोन आठवड्यांनंतरही थांबले नाही, बाळ झोपलेले असतानाही झोप लागेना किंवा स्वतःला वा बाळाला इजा करण्याचे विचार आले, तर मात्र तो आजार समजून डॉक्टरांना दाखवावे. असे विचार आल्यास बाळंतिणीला एकटी न ठेवता त्याच दिवशी दवाखाना गाठावा. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतसेवेचा १४४१६ हा निःशुल्क दूरध्वनी क्रमांक रात्रीही चालू असतो. या मुलीला त्याची गरज पडली नाही. चौदाव्या दिवशी घरी आलेल्या आशाताईंना तिने फक्त टाक्यांविषयी विचारले.