जुना सीआरटी, नवं ग्राफिक्स कार्ड
जुन्या सीआरटीला, म्हणजे काचेच्या नळीच्या जाडजूड मॉनिटरला, व्हीजीए केबलमधून ॲनालॉग सिग्नल लागतो; नव्या कार्डातून तो निघतच नाही. एनव्हिडियाने तो २०१६च्या जीटीएक्स १० मालिकेपासून काढून टाकला. त्यामुळे पुण्यातल्या तापकीर गल्लीत पन्नास-शंभरात मिळणारा, नुसत्या पिना बदलणारा डीव्हीआय-व्हीजीए जोड घेऊ नका. आत डिजिटलचा ॲनालॉग करणारी चिप असलेला डिस्प्लेपोर्ट ते व्हीजीए कन्व्हर्टरच मागा.

रिफ्रेश रेट, म्हणजे सेकंदाला चित्र किती वेळा नव्याने उमटतं तो आकडा, ६० हर्ट्झवर अजिबात ठेवू नका, चित्र लुकलुकतं आणि डोळे शिणतात. १७ इंचीवर १०२४ बाय ७६८ रिझोल्यूशनला ८५ हर्ट्झ फार देखणं दिसतं. त्याला आडवी फ्रिक्वेन्सी (सेकंदाला किती आडव्या ओळी रेखल्या जातात) सुमारे ६९ किलोहर्ट्झ लागते, तेवढी मॉनिटरला झेपते का ते आधी पाहा. ‘आउट ऑफ रेंज’ आलं तर लगेच रेट उतरवा.

डिस्प्ले सेटिंगमधल्या रेटच्या यादीत ८५ दिसतच नाही? मग व्हीजीए केबल तपासा. १२ आणि १५ नंबरच्या पिना जोडलेल्या नसतील तर मॉनिटरची माहिती कार्डापर्यंत पोचत नाही.