तुमचे प्रश्न : मुंबईत सूर्य बारा पस्तीसला डोक्यावर येतो

ताई, १५ मेला नातवाने मला ओढतच गच्चीवर नेलं, शून्य सावली दिवस आहे म्हणे. पाण्याच्या टाकीशेजारी साखरेचा उभा डबा ठेवला आणि दोघं बघत बसलो. बारा वाजले तरी सावली होतीच, पोरगा हिरमुसला, मी खाली निघालो, आणि साडेबारा वाजून गेल्यावर सावली खरंच डब्याखाली गेली! आम्ही तर जन्मभर बारा वाजता सूर्य माथ्यावर असंच म्हणत आलोय. मग हा अर्धा तास कसला? (एक आजोबा, परळ)

आजोबा, तुमचं पत्र वाचून इतकं छान वाटलं की आधी तेच सांगते. आणि डबा घेतलात हे फार बरं केलंत, बरेच जण पेला उपडा ठेवतात, तो वर निमुळता होत जातो त्यामुळे सावली असली तरी दिसत नाही आणि आपण फसतो.

आता अर्ध्या तासाचं. आपल्या सगळ्यांच्या घड्याळातली वेळ ही ८२.५ अंश पूर्व रेखांशाची, म्हणजे तिकडे उत्तर प्रदेशात मिर्झापूरजवळून जी रेघ जाते तिची. मुंबई आहे ७३ अंशाच्या थोडी अलीकडे. पृथ्वीला एक अंश फिरायला ४ मिनिटं लागतात, मधलं अंतर पावणेदहा अंशांच्या आसपास, म्हणजे तिकडे सूर्य माथ्यावर आला की आपल्याकडे यायला त्याला अजून ३९ मिनिटं लागतात. मग १२:३९ ला का नाही आला, तर पृथ्वीची कक्षा पूर्ण गोल नाही आणि तिचा आस कललेला आहे, त्यामुळे सूर्य घड्याळाच्या कधी पुढे कधी मागे असतो, मेच्या मध्यावर तो जवळजवळ ४ मिनिटं पुढे असतो. म्हणून १२:३५. तुम्ही बारा वाजता पाहिलंत तेव्हा तो अजून आठेक अंश खाली होता, डबा वीतभर उंच असेल तर सावली चांगली तीन सेंटीमीटर पडली असणार, आणि तीही पश्चिमेला, समुद्राच्या बाजूला. नातवाला विचारा, त्याला आठवत असेल.

हे ३९ मिनिटं तुम्ही लहानपणी कानांनी ऐकलेले असणार बघा. घरातले मोठे 'मुंबई टाइम' आणि 'स्टँडर्ड टाइम' असं वेगवेगळं बोलायचे ना? मुंबई टाइम ग्रिनिचच्या ४ तास ५१ मिनिटं पुढे होता आणि स्टँडर्ड ५ तास ३० मिनिटं, फरक बरोबर ३९. देशाची एक वेळ १९०६ मध्ये आली तरी या शहराने आपली वेळ १९५५ पर्यंत धरून ठेवली होती. ती मुंबईच्या स्वतःच्या रेखांशाची वेळ होती, आणि मला मनापासून वाटतं की शाळेत रेखांश शिकवताना मुंबईच्या मुलांना ही एक गोष्ट सांगितली तर पुन्हा काही घोकावं लागणार नाही.

नातवाला हेही सांगा की सावली सगळीकडे एकाच दिवशी जात नाही. सूर्य तेव्हा दररोज पाव अंशाने उत्तरेकडे सरकत असतो, त्यामुळे पुण्याला ती १३-१४ मेला जाते, आपल्याकडे १५-१६ ला (कुलाब्याला आधी, दहिसरला एखाद दिवसाने उशिरा), नागपूरला २६ च्या आसपास, आणि दिल्लीला कधीच नाही कारण दिल्ली कर्कवृत्ताच्या वर आहे. परतीच्या वाटेवर तो जुलैच्या २७-२८ तारखेला पुन्हा मुंबईच्या माथ्यावर येतो, तेव्हा १२:४५ ला, पण श्रावणाच्या सुमाराला ढग बाजूला होतील याची खात्री कोण देणार, म्हणून मे सोडायचा नाही.

आमच्या सरांनी पण हे दाखवलं. पण सावली नाही हे बघून पुढे काय? याचा काही उपयोग असतो का? (इयत्ता नववीतली एक वाचक, मुलुंड)

असतो गं, या एवढ्याशा गोष्टीवरून माणसाने अख्ख्या पृथ्वीचा घेर काढलाय! सुमारे २२०० वर्षांपूर्वी इजिप्तमध्ये इरॅटोस्थेनिस म्हणून एक विद्वान होता. त्याला कळलं होतं की दक्षिणेकडच्या सायीनी गावात वर्षातून एका दुपारी विहिरीच्या तळापर्यंत ऊन पोचतं, म्हणजे सूर्य बरोब्बर माथ्यावर. त्याच दुपारी अलेक्झांड्रियात मात्र सावली पडायची, कोन भरला ७ अंशांच्या किंचित वर, वर्तुळाचा पन्नासावा भाग. मग दोन गावांमधलं अंतर गुणिले पन्नास, झाला पृथ्वीचा घेर.

तू हे स्वतः करू शकतेस, आणि करच. नागपूरला कोणी मावशी, आत्या, मैत्रीण आहे का? १५ मेला तिला एक मीटरची काठी ओळंब्याने सरळ उभी करायला सांग आणि १२:१० च्या आसपास (त्यांची दुपार आपल्या आधी होते) सावली सगळ्यात आखूड होईल तेव्हा मोजायला सांग. ती पावणेचार सेंटीमीटरच्या जवळपास येईल, उत्तरेकडे. तुझ्याकडे तुझ्या दुपारी शून्य. पावणेचार भागिले शंभर, कॅल्क्युलेटरवर त्याचा tan⁻¹ घेतला की कोन निघतो साधारण २.१५ अंश. आता अंतर घ्यायचं ते रेल्वेचं किंवा रस्त्याचं अजिबात नाही, आपल्याला फक्त उत्तर-दक्षिण अंतर हवंय, नकाशावर मुंबईतून आडवी रेघ मार, नागपुरातून दुसरी, त्या दोन रेघांमधलं अंतर मोज, ते येतं २४० किलोमीटरच्या आसपास. ३६० ला २.१५ ने भाग आणि २४० ने गुण. उत्तर ४०,००० च्या थोडं वर येईल. उपग्रहांच्या मोजणीत ध्रुवांवरून जाणारा घेर ४०,००८ किलोमीटर आहे. सावली मोजताना एक मिलिमीटर चुकलीस तरी उत्तर हजारभर किलोमीटरने हलतं, म्हणून काठी वाकडी नको आणि टोकदार पेन्सिलने खूण कर. आणि सूर्याकडे थेट बघायचं नाही, जमिनीकडे बघायचं.

दादर चौपाटीवर मावळता सूर्य एवढा मोठा का दिसतो? (एक वाचक, माहीम)

तो मोठा होत नाही, आपल्याला वाटतो. हात पूर्ण लांब करून करंगळी समोर धरा आणि तिच्या शेजारी लाल झालेला, डोळ्याला न खुपणारा सूर्य पडू द्या, करंगळीच्या निम्म्या रुंदीइतकाच भरतो. हेच पौर्णिमेच्या चंद्रावर करून बघा, उगवताना आणि मध्यरात्री, माप तेच. क्षितिजाजवळ आपला मेंदू वस्तू लांबची धरून चालतो आणि मोठी समजतो असं मानतात, पण पक्का निकाल अजून लागलेला नाही.

आमच्या अलिबागची चुंबकीय वेधशाळा मुळात मुंबईची होती असं ऐकलं, खरं का? (एक वाचक, अलिबाग)

खरंय, आणि ही माझी फार आवडती गोष्ट आहे. कुलाब्याला १८२६ मध्ये वेधशाळा झाली, आणि १८४० च्या दशकात तिथे पृथ्वीचं चुंबकत्व मोजायला सुरुवात झाली. फिल्मबिल्म काही नाही, माणूस दुर्बिणीला डोळा लावून टांगलेल्या चुंबकाची हालचाल बघणार आणि वहीत आकडा लिहिणार, दर तासाला, रात्री-बेरात्रीसुद्धा. १ सप्टेंबर १८५९ ला इंग्लंडमध्ये रिचर्ड कॅरिंग्टनने सूर्यावर एक लख्ख चमक पाहिली, आणि साडेसतरा तासांनी तिच्यामुळे उठलेलं चुंबकीय वादळ पृथ्वीवर आदळलं. अमेरिकेत तारयंत्रांच्या तारांत इतका प्रवाह आला की काही ठिकाणी बॅटरी काढून नुसत्या त्यावर संदेश गेले. कुलाब्याला तेव्हा २ तारखेची दुपार होत आली होती, आणि वहीतला आकडा सुमारे १६०० नॅनोटेस्लाने (हे चुंबकत्वाचा जोर मोजायचं माप) खाली कोसळला. मे २०२४ मध्ये लडाखच्या हान्लेला लाल आकाश दिसलं ना, त्या वादळाचा आकडा ४०० च्या आसपास होता, यावरून अंदाज करा. १८५९ च्या वादळाचा जोर ठरवायला आजचे शास्त्रज्ञ कुलाब्याच्या याच नोंदींकडे येतात.

मग मुंबईत विजेच्या ट्राम येणार असं ठरलं आणि त्यांच्या प्रवाहाने सुया थरथरणार हे उघड होतं. म्हणून तुमच्या अलिबागला, जिथे ट्रामचा काही संबंधच नव्हता, १९०४ मध्ये नवीन जागा उभी राहिली. पण घाईने गाशा गुंडाळला नाही, १९०६ पर्यंत दोन्हीकडे एकाच वेळी मोजत राहिले, म्हणजे कुलाब्याचा आकडा आणि अलिबागचा आकडा यात नेमका किती फरक आहे ते कळावं आणि जुन्या वह्या नव्या वह्यांना जोडता याव्यात. ट्राम धावली १९०७ मध्ये.