टेलप्लेन टकटक करतंय? पाना हातात घ्यायच्या आधी प्ले कुठं आहे ते शोधा

भाऊ, तुमचा प्रश्न असा: किटमधून जोडलेल्या तुमच्या छोट्या विमानाचं टेलप्लेन, म्हणजे शेपटीचा आडवा पंख, टोकाला धरून हलवलं की टक-टक वाजतं, टोकाला दोन-तीन मिलिमीटर प्ले (ढील) आहे. नट आवळून भागेल, की वणीच्या हार्डवेअरमधून ५ एमएमचे बोल्ट आणून टाकायचे? दोन्ही करू नका.

आवळल्यानं आवाज बंद होतो, प्ले जात नाही. बोल्ट किंवा भोक झिजलेलं असतं, ते तसंच राहतं. दाबामुळं काही काळ जोड घट्ट वाटतो एवढंच. त्यात पातळ ॲल्युमिनियमच्या नळीतून बोल्ट गेला असेल आणि आत स्पेसर (आधाराची छोटी नळी) नसेल, तर जास्त आवळल्यावर नळी अंडाकृती दबते आणि तिथूनच पुढं तडा जातो. शेपटीत प्ले म्हणजे फ्लटरला (उडताना शेपूट आपोआप जोरात थरथरण्याला) आमंत्रण, म्हणून हे निस्तरेपर्यंत विमान उडवू नका.

आधी जागा शोधा. फ्यूजलाजखाली घोडी लावून शेपूट टेकवा, एलेव्हेटर (टेलप्लेनमागचा हलता भाग) बांधून टाका. एकानं टोक हळू वर-खाली, मग पुढं-मागं हलवायचं. दुसऱ्यानं बोट जोडावर असं ठेवायचं की अर्धं ब्रॅकेटवर, अर्धं नळीवर. ०.१ मिलिमीटरची सरकही बोटाला कळते, आणि फिटिंगपाशी एवढीशी असलेली ढील टोकाला कितीतरी पट दिसते. पुढचं फिटिंग, मागचं फिटिंग, स्ट्रटची (आधाराच्या दांड्याची) दोन्ही टोकं, मग एलेव्हेटरच्या बिजागऱ्या, असं एकेक तपासा. ताणाच्या तारा असतील तर त्याही बघा. ॲल्युमिनियमची फ्रेम उन्हात स्टीलच्या तारेपेक्षा जास्त पसरते, त्यामुळं मे महिन्याच्या दुपारी बरोबर लावलेली तार जानेवारीच्या पहाटे ढिली सापडते.

आपल्याकडं एक घोळ हमखास होतो. जोड घासला की ॲल्युमिनियमची काळपट भुकटी आणि स्टीलची लालसर-तपकिरी भुकटी बाहेर येते. पण काळ्या मातीची धूळही सगळीकडं बसलेलीच असते. म्हणून जोड चिंधीनं कोरडा पुसा, इंजिन जमिनीवर थोडा वेळ चालवा, परत बघा. धूळ सगळीकडं सारखी बसते. घासण्याची भुकटी वायसरच्या कडेतूनच निघते आणि मागच्या बाजूला रेघ ओढते. या जोडांना तेल लावू नका, तेलात धूळ मिसळली की तीच पॉलिश पेपरचं काम करते.

आता बोल्ट. बहुतेक किटमध्ये इथं एएन ३ (विमानाच्या बोल्टचं अमेरिकन प्रमाण माप) असतो, म्हणजे ३/१६ इंच, ४.७६ मिलिमीटर. बाजारातला ५ चा बोल्ट त्या भोकात जात नाही, मग माणूस ड्रिल मारतो. हँड ड्रिलनं भोक वाकडं आणि सैल होतं, भोकापासून कडेपर्यंतचं अंतर घटतं. शिवाय हार्डवेअरचा बोल्ट बहुधा डोक्यापर्यंत आट्यांचा असतो. आटे भोकात आले की ते कानशीसारखे भोक खातात. बोल्टचा बिनआट्याचा भाग जोडाच्या जाडीएवढा पाहिजे, फरक पडला तर वायसरनं जुळवा, पण तीनपेक्षा जास्त वायसर नकोत. जिथं जोड फिरतो, म्हणजे बिजागरीला, तिथं नुसता नायलॉक (आत नायलॉनचं कडं असलेला नट) चालत नाही. कॅसल नट (खाचांचा नट) आणि त्या खाचांतून जाणारी कॉटर पिनच, आणि त्यासाठी पिनचं भोक असलेला बोल्ट मागवा.

बोल्ट एका वेळी एकच काढा. शँकवर, म्हणजे बिनआट्याच्या भागावर, नख फिरवा, पायरी लागली तर बोल्ट बाद. भोक व्हर्नियरनं काटकोनात दोन दिशांनी मोजा. भोक लांबट झालं असेल आणि ब्रॅकेट ॲल्युमिनियमचं असेल तर सरळ बदला. स्टीलचं असेल तर रीमर (भोक नेमक्या मापाला आणायचं हत्यार) मारून मोठ्या मापाचा बोल्ट किंवा बुश (भोकात बसणारी नळी) बसवता येतो, पण किटवाल्याची लेखी संमती असेल तरच. ट्रॉलीवाल्याकडून आर्क वेल्डिंग करून भोक भरून आणणं, हे तर अजिबात नको. विमानाच्या ४१३० (क्रोम-मॉलिब्डेनम) स्टीलमध्ये वेल्डच्या शेजारी ठिसूळ पट्टा तयार होतो आणि तडा तिथंच जातो. साध्या एमएस पट्टीचं ब्रॅकेटही नको, त्याच जाडीत तिची ताकद जवळपास निम्मी भरते. पिवळसर कॅडमियमचा मुलामा असलेले भाग घासू-तापवू नका, धूर आणि भुकटी विषारी असते.

तडा शोधायला तीन डब्यांचं डाय पेनिट्रंट (तड्यात शिरणाऱ्या लाल रंगाचं) किट घ्या. रंग केमिकल रिमूव्हरनं काढा. वायर ब्रशनं घासलं तर धातू तड्याच्या तोंडावर पसरतो आणि तडा झाकला जातो. साधी पेनिट्रंट साधारण ५ ते ५२ अंश सेल्सियसपर्यंतच्या धातूसाठी असतात. उन्हाळ्यात टिनाच्या शेडमध्ये धातू हात लावू देत नाही, म्हणून हे काम सकाळी उरका. लाल द्रव १०-१५ मिनिटं ठेवा, क्लीनरनं ओल्या केलेल्या चिंधीनं पुसा (क्लीनर थेट फवारला तर तड्यातलाही द्रव निघून जातो), डेव्हलपर (तड्यातला रंग बाहेर ओढणारी पांढरी पावडर) मारून १० मिनिटांनी भिंगानं बघा. वाकलेल्या कोपऱ्याचा आतला भाग आणि वेल्डची कड आधी बघा.

आवळताना, किटच्या पुस्तकात वेगळं नसेल तर, एएन ३ ला ताणाच्या (जाड) नटासाठी २० ते २५ इंच-पाउंड, म्हणजे २.३ ते २.८ न्यूटन-मीटर. बिजागरीच्या पातळ कॅसल नटाला १२ ते १५ इंच-पाउंडच. गॅरेजचा मोठा टॉर्क पाना इतक्या खाली जातच नाही. छोटा पाना नसेल तर स्प्रिंगचा काटा वापरा: नटाच्या मध्यापासून १० सेंटिमीटरवर, काटकोनात, अडीच किलोचा ओढा म्हणजे साधारण २.४५ न्यूटन-मीटर. नायलॉक नट मोकळा फिरवायलाच जेवढा जोर लागतो तो आधी मोजून यात मिळवा. नायलॉक नट बोटांनी शेवटपर्यंत फिरला तर फेकून द्या.

नटावरून ब्रॅकेटवर नेलपॉलिशची रेघ मारा, रेघ तुटली की नट सरकला. लॉगबुकात नोंद करा, इंजिनिअरची तपासणी-सही घ्या, आणि पहिल्या उड्डाणानंतर सगळ्या रेघा परत बघा.

आणि खताची पोती त्याच शेडमध्ये असतील तर आधी ती हलवा. युरिया, पोटॅश ओल धरतात आणि फिटिंगला गंज तिथूनच सुरू होतो. नळ्यांची निचऱ्याची भोकंही तारेनं मोकळी करा, कुंभारमाशी मातीनं ती बुजवते आणि पाणी आत साचतं. विमान ढकलताना पोरं टेलप्लेन धरतात, तेही बंद करा. ढकलायचं ते पंखाच्या स्ट्रटच्या मुळाशी धरून.