तीस हजारांची स्कॉलरशिप आणि कोथरूडचा फ्लॅट

न्यू जर्सीतल्या एडिसनहून एका ताईंनी लिहिलं आहे. लेक बारावीत आहे, शाळेच्या बास्केटबॉल संघात पॉइंट गार्ड, म्हणजे चाल रचणारी खेळाडू, म्हणून खेळते आणि तिला नर्सिंग करायचं आहे. दोन कॉलेजांनी बोलावलं आहे. पेनसिल्वेनियातलं एक खासगी कॉलेज डिव्हिजन वनमध्ये, म्हणजे कॉलेजच्या खेळांच्या सगळ्यात वरच्या पातळीवर, खेळतं. तिथला वर्षाचा एकूण खर्च ६८,००० डॉलर, बास्केटबॉलची स्कॉलरशिप ३०,०००, आणि कोच म्हणतात, "दुसऱ्या वर्षी वाढवायचं बघू." दुसरं कॉलेज डिव्हिजन थ्रीचं, म्हणजे तिसऱ्या पातळीचं. तिथे खर्च ६४,००० आणि मार्कांवर ३१,००० माफ. राज्याच्या विद्यापीठात बास्केटबॉलशिवाय शिकली तर ३६,०००. घरात शिक्षणासाठीच्या ५२९ या गुंतवणूक खात्यात ९६,००० जमलेत, शिवाय महिन्याला ९०० बाजूला पडतात. "ह्यांचं म्हणणं, डिव्हिजन वन काही रोज दारात येत नाही, कोथरूडचा फ्लॅट विकून टाकू. तिथे सासूबाई राहतात. मी काय बोलू?"

ताई, यजमानांचं पहिलं वाक्य खरं आहे. ही ऑफर कष्टाने मिळालेली आहे, लेकीचं मनापासून कौतुक. पण दारात नक्की काय आलंय, ते आधी पाहू.

परवापरवापर्यंत डिव्हिजन वनच्या महिला बास्केटबॉलमध्ये अशी अर्धीमुर्धी स्कॉलरशिप व्यवहारात नव्हतीच. संघाला १५ स्कॉलरशिप, आणि दिली तर पूर्ण द्यायची: ट्युशन, राहणं, जेवणं, पुस्तकं. त्यावर कोचला वॉक-ऑन, म्हणजे बिनपैशाच्या मुली, ठेवता यायच्या. जून २०२५ मध्ये न्यायाधीश क्लॉडिया विल्कन यांनी हाउस खटल्यातली, म्हणजे कॉलेज खेळाडूंच्या मोबदल्यावरच्या खटल्यातली, तडजोड मंजूर केली आणि १ जुलैपासून सगळंच उलटलं. त्या तडजोडीत सामील झालेल्या कॉलेजांना स्कॉलरशिपची मर्यादा राहिली नाही, त्या जागी रोस्टरची, म्हणजे संघातल्या एकूण खेळाडूंची, आली. महिला बास्केटबॉलला जास्तीत जास्त १५ जणी, वॉक-ऑन धरून. (आधीपासून संघात असलेल्या काही मुलींना सूट आहे, ती तुमच्या लेकीला लागू नाही.) आता पंधराही जणींना पूर्ण पैसे द्या नाहीतर तुकडे करून वाटा, कॉलेजची मर्जी. त्याच तडजोडीने कॉलेजांना खेळाडूंना थेट पैसे द्यायची मुभा मिळाली, २०२५-२६ साठी वरची मर्यादा सुमारे २ कोटी ५ लाख डॉलर. तो पैसा मोठ्या कॉलेजांकडे आहे, आणि तिथेही त्याचा बराचसा ओघ फुटबॉल आणि पुरुषांच्या बास्केटबॉलकडे. छोट्या कॉलेजच्या कोचच्या हातात काय उरतं? तुकडे. तुमच्या हातात आलाय तो त्यातलाच एक, आणि "वाढवायचं बघू" हे बोलणं झालं, ऑफर नाही. माझ्या हिशेबात त्याची किंमत शून्य.

आता आकडे. खर्च दरवर्षी ४ टक्क्यांनी वाढेल आणि स्कॉलरशिप आहे तिथेच राहील असं मी धरलंय. पेनसिल्वेनियाचा चार वर्षांचा खर्च होतो २,८८,७६०. त्यातून १,२०,००० वजा गेले की तुमच्या खिशातून १,६८,७६०. डिव्हिजन थ्रीच्या कॉलेजात हाच हिशेब १,४७,७७४ वर थांबतो. राज्याचं विद्यापीठ १,५२,८७३, म्हणजे सरकारी असून डिव्हिजन थ्रीपेक्षा महाग! पहिल्यांदा मलाही वाटलं आपलंच काहीतरी चुकलं, म्हणून पुन्हा बेरीज केली. मार्कांवरच्या सवलतीने खासगी कॉलेज असं अधूनमधून सरकारीच्या खाली येतं.

तुमच्याकडे ९६,००० अधिक चार वर्षांचे ४३,२००, एकूण १,३९,२००. ५२९ वरची वाढ मी मोजलेली नाही, कारण पहिलं बिल काही महिन्यांवर आलंय. एवढ्या जवळ आलेला पैसा शेअरमध्ये ठेवलाच असेल तर पहिल्या दोन वर्षांचा तरी आजच सुरक्षित पर्यायात वळवा. तूट किती? डिव्हिजन थ्रीला साडेआठ हजार, पेनसिल्वेनियाला साडेएकोणतीस हजार. फरक चार वर्षांत २१,००० चा.

डिव्हिजन वन खेळायला मिळावं म्हणून २१,००० जास्त मोजणं हा वेडेपणा नाही, हे मी स्पष्ट सांगतो. लोक लग्नाच्या हॉलवर याहून जास्त उडवतात. मला काळजी आहे ती दुसऱ्या फांदीची: दोन वर्षांनी स्कॉलरशिप गेली तर? मग तूट थेट ८९,५६०.

ती जाईल का? इथे यजमानांची बाजू थोडी भक्कम आहे. ऑगस्ट २०२४ पासून डिव्हिजन वनमध्ये खेळ खालावला किंवा गुडघा गेला म्हणून स्कॉलरशिप कापता येत नाही, आणि खेळातल्या दुखापतीचा औषधोपचार कॉलेज सोडल्यावरही किमान दोन वर्षं कॉलेजने पाहायचा असतो. पण मुलगी आपण होऊन संघ सोडते किंवा ट्रान्सफर पोर्टलमध्ये, म्हणजे कॉलेज बदलू पाहणाऱ्या खेळाडूंच्या यादीत, नाव घालते, तेव्हा ते संरक्षण उरत नाही. चालू सत्र संपलं की कॉलेज पैसे थांबवू शकतं. आणि "आपण होऊन" या शब्दांत बरंच काही दडलेलं असतं. माझ्याकडच्या एका कुटुंबाची मुलगी अशीच गेली. दुसऱ्या वर्षी कोच बदलला, नवा माणूस आपल्या ओळखीच्या चारजणी पोर्टलमधून घेऊन आला. एप्रिलमध्ये हिला केबिनमध्ये बोलावून गोड आवाजात सांगितलं, "इथे तुला खेळायला मिनिटं मिळणं कठीण आहे, तुझ्या भल्यासाठी सांगतोय." कागदावर कोणी काही कापलं नाही. हिनेच पोर्टलमध्ये नाव घातलं. ऑगस्ट उजाडला तरी कोणाचा फोन आला नाही. शेवटी घराजवळच्या कॉलेजात गेली, काही क्रेडिट तिथे धरलेच नाहीत आणि पदवीला पाचवं वर्ष लागलं.

तुम्ही पाठवलेलं पेनसिल्वेनियाचं रोस्टर मी पेन्सिल घेऊन वाचलं. १४ जणी, त्यातल्या ६ दुसऱ्या कॉलेजांतून आलेल्या. गार्ड ७, आणि त्यात शेवटच्या वर्षाला फक्त २. म्हणजे तुमची लेक जाईल तेव्हा तिच्या जागेवर आधीच पाच जणी उभ्या असतील, आणि उन्हाळ्यात पोर्टलमधून कोण येईल ते वेगळंच. कोर्टवर एका वेळी पाच, खरी अदलाबदल आठ-नऊ जणींत. उरलेल्यांच्या वाट्याला सराव, आणि तोही कधीकधी पूर्ण नाही, कारण महिलांचे कितीतरी संघ सरावाला कॉलेजातले मुलगे उभे करतात. हे काही वाईट नाही, तसाच खेळ सुधारतो. पण बाकावर बसायची तिची तयारी आहे का, हे तिला विचारा, यजमानांना नको.

डिव्हिजन थ्रीत खेळासाठी पैसे देताच येत नाहीत, म्हणून आपल्याकडे त्याला जरा कमी लेखतात. मी उलट बघतो. ते ३१,००० प्रवेश विभागाने मार्कांवर दिलेत, कोचच्या खिशातून नाही. लेकीने दुसऱ्या वर्षी बूट खुंटीला टांगले तरी ते पैसे चालू राहतात. अट एकच, मार्कांची. ती किती जीपीएची, म्हणजे किती सरासरी गुणांची, आहे हे पत्रात नाही. तो आकडा लेखी मागा. नर्सिंगच्या पहिल्या वर्षी शरीररचना आणि रसायनशास्त्र भल्याभल्यांचा जीपीए खाली आणतात.

नर्सिंगचं आलंच आहे तर तेच बोलतो, कारण माझ्या मते निकाल इथेच लागतो. क्लिनिकल म्हणजे हॉस्पिटलमधली पाळी, सकाळी सातच्या आत हजर. डिव्हिजन वनच्या हंगामात आठवड्याला २० तास खेळाचे, आणि मॅचचा दिवस बसप्रवासासकट कितीही लांबला तरी नियमाने मोजतात फक्त ३ तास. पत्रात तुम्ही सहज लिहून गेलात की पेनसिल्वेनियाच्या कोचनी "नर्सिंगऐवजी हेल्थ सायन्स घे, वेळापत्रक सोपं जाईल" असं सुचवलं. ताई, संपूर्ण पत्रातलं सगळ्यात महागडं वाक्य ते आहे. चार वर्षांनी नर्सिंगची पोर परवान्याची परीक्षा देऊन पगारावर उभी राहते. हेल्थ सायन्सवालीला त्याच कामासाठी पुढे आणखी एक कोर्स करावा लागतो, तोही आपल्या पैशाने.

आता फ्लॅट. २००९ मध्ये ३२ लाखांना घेतला, आज १ कोटी १० लाख मिळतील म्हणता. नफा ७८ लाख. अनिवासी म्हणून भारतात १२.५ टक्के, वर अधिभार आणि सेस, असा साधारण ११ लाख १५ हजार कर. विकत घेणारा मात्र टीडीएस नफ्यावर नाही, पूर्ण किमतीवर कापेल. आधी आयकर खात्याकडून कमी कपातीचं प्रमाणपत्र काढलं नाहीत तर रिटर्न भरून परताव्याची वाट बघत बसाल. अमेरिकेतही नफा दाखवावा लागेल. पण तुम्ही घेतलात तेव्हा डॉलर ४८ रुपयांच्या आसपास होता, आज ९० धरा. रुपयात साडेतीनपट झालेली किंमत डॉलरमध्ये दुप्पटही होत नाही. नफा जेमतेम ५५,५०० डॉलर, आणि भारतात भरलेला कर तिथे वजा मिळतो. सगळं होऊन हातात येतील १ लाख ८-९ हजार डॉलर. खड्डा साडेएकोणतीस हजारांचा, आणि तो बुजवायला सासूबाईंना घराबाहेर काढायचं? शिवाय त्यांची सोय दुसरीकडे करायची तर भाडं आलंच. फ्लॅट राहू द्या. एजंटाला अजून फोन केला नसेल तर करूही नका.

खड्ड्याला सोपी वाट आहे. लेक अमेरिकेत जन्मलेली, तेव्हा तिला स्वतःच्या नावावर चार वर्षांत २७,००० पर्यंत सरकारी कर्ज मिळू शकतं. २०२५-२६ चा दर ६.३९ टक्के. डिव्हिजन थ्रीला गेली तर त्यातला तिसरा हिस्साही लागणार नाही. पालकांच्या नावावरचं पेरेंट प्लस कर्ज मात्र टाळा. २०२५-२६ चा दर ८.९४ टक्के, वर चार टक्क्यांहून जास्त फी, आणि जुलै २०२६ पासून वर्षाला २०,००० आणि एका मुलामागे एकूण ६५,००० अशी मर्यादा. दुसरी फांदी खरी ठरली तर लेकीचे २७,००० वजा करूनही या मर्यादेच्या अगदी काठावर जाल. ४०१(के) या निवृत्तीच्या खात्याला तर हातच लावू नका.

(ज्यांची मुलं एच-४ व्हिसावर, म्हणजे आईवडिलांच्या नोकरीच्या व्हिसाच्या आधारावर, आहेत त्यांनी वरचा परिच्छेद आपल्याला लागू धरू नये. त्यांना हे सरकारी कर्ज मिळत नाही, आणि खेळाडू म्हणून स्वतःच्या नाव-प्रतिमेवर जाहिरातींतून केलेली कमाई म्हणजे त्यांच्यासाठी परवानगी नसलेलं काम. स्कॉलरशिप घेता येते.)

माझं मत डिव्हिजन थ्री. पेनसिल्वेनियाच्या कोचनी दोन गोष्टी लेखी दिल्या तरच मी मत बदलेन: ३०,००० चारही वर्षांसाठी, आणि नर्सिंगला प्रवेश, क्लिनिकलच्या दिवशी सरावातून सूट धरून. हा ईमेल यजमानांनी नको, लेकीने स्वतः पाठवावा. कोचना खेळाडूचं पत्र वाचायची सवय असते, वडिलांचं नाही. आठवडाभर वाट पाहा. डिव्हिजन थ्रीची जागा राखायची रक्कम १ मेच्या आत भरायची आहे, ती त्या उत्तरासाठी अडवून ठेवू नका.